ट्रॅक्टर उतारावर लावणाऱ्यांसाठी: सेल्फचा बेंडिक्स बदलायचा कसा

दोन वर्षं आमचा ट्रॅक्टर घरासमोर उभा राहिला नाही. चावीनं इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजे सेल्फ, बिघडला होता. मारुतीच्या देवळामागे जो उतार आहे, तिथं पुढच्या चाकाला काळा दगड लावून तो मुक्कामाला असायचा. सकाळी दगड काढायचा, वरचा गिअर टाकून क्लच दाबायचा, ट्रॅक्टर घरंगळला की क्लच सोडायचा. धुराचा एक लोट देवळाच्या भिंतीवर, आणि काम सुरू. पुतण्याच्या पाच वर्षांच्या पोराला तर ट्रॅक्टर असाच चालू होतो असं वाटायचं. शेजारच्यांचा ट्रॅक्टर चावीनं चालू होताना बघून त्यानं मला विचारलं, "आजोबा, ह्याला उतार नाही लागत?"

लाज तेव्हाही वाटली नाही. ती वाटली हस्ताचा पाऊस होऊन वापसा आल्यावर. मालदांडीची पेरणी चालू होती. पुतण्याला फोन आला म्हणून त्यानं रानाच्या मधोमध इंजिन बंद केलं. काळं रान, सपाट, आणि उतार दीड किलोमीटरवर. शेजारच्या अण्णांनी आपली पेरणी थांबवून साखळी लावून ओढून दिलं. बोलले काही नाहीत, पण साखळी सोडवताना जे बघितलं ते पुरेसं होतं.

मी मिस्त्री नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली, आता बार्शी तालुक्यात सात एकर बघतो. हे काम मी दोनदा केलं आहे. पहिल्यांदा चुकीचं, दुसऱ्यांदा बरोबर. दोन्ही वेळा बेंडिक्स (सेल्फच्या टोकाचा, इंजिन फिरवणारा दातेरी भाग) बसवला तो तसलाच. फरक कुठं पडला ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

आधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर ट्रॅक्टर काय बोलतो त्यावर सगळं आहे. आवाज न ऐकता बेंडिक्स आणणारे बरेच बघितलेत, आणि त्यातल्या निम्म्यांची बॅटरीची टर्मिनल सैल होती.

"टकटकटकटक" असा भराभर आवाज आला तर सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फला जोडलेल्या विजेच्या चुंबकाला, ओढून धरायला पुरेसा करंट मिळत नाही. बॅटरी उतरलेली, टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलेलं, नाहीतर अर्थची वायर सैल. बेंडिक्सचा काही संबंध नाही. मीटर असेल तर बघा: भरलेली बॅटरी बसल्या जागी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली, आणि चावी मारताना साडेनऊच्या खाली आपटत असेल तर आधी बॅटरीवाल्याकडे जा.

एकच "टक" आणि पुढे शांतता: सोलेनॉइडनं ओढलं, पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट जळालेले, मोटरला करंट देणारे कार्बन संपलेले, नाहीतर सेल्फच जाम.

"घूंऽऽऽ" असा मोकळा आवाज, पंखा फिरावा तसा, आणि इंजिन ढिम्म: इथं बेंडिक्सवर संशय घ्या. मोटर फिरते, पण तिचं फिरणं इंजिनापर्यंत पोचत नाही. आमचं असंच होतं. सुरुवातीला इंजिन थोडं फिरायचं, सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला की सटकायचं आणि घूंऽऽ. थंडीत जास्त, दुपारी कमी. मग दुपारीही.

"खर्रर्रर्र" असा दातावर दात घासल्याचा आवाज आला तर पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगचे दात, किंवा दोन्ही. हा आवाज ऐकूनही लोक पुन्हा पुन्हा चावी मारतात. प्रत्येक वेळी रिंगचा थोडा थोडा भुगा होतो. बेंडिक्स काही शेकड्यांत येतो. रिंगसाठी ट्रॅक्टर मधून तोडावा, म्हणजे सोडवून दोन भाग करावा लागतो.

ज्याला आपण बेंडिक्स म्हणतो

फ्लायव्हीलच्या रिंगला शंभरावर दात असतात, सेल्फच्या पिनियनला दहाच्या आसपास. म्हणजे इंजिनाचा एक फेरा व्हायला पिनियनला दहा-अकरा फिरावं लागतं. म्हणून तर एवढीशी मोटर एवढं इंजिन फिरवते. आता उलटं बघा. इंजिन चालू झालं, नुसत्या स्लो रेसला ७०० फेऱ्यांवर आलं, आणि पिनियन अजून रिंगमध्येच अडकलेलं आहे, तर इंजिन पिनियनला मिनिटाला सात हजारांवर फिरवणार. रेस वाढलेली असली तर वीस हजार. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तारा बाहेर येतील. ते होऊ नये म्हणून मध्ये एक क्लच असतो: छोटे रोलर आणि स्प्रिंगा. एका दिशेनं पक्का धरतो, दुसऱ्या दिशेनं मोकळा सोडतो. सायकलचं फ्रीव्हील ज्यानं खोललंय त्याला हे वेगळं सांगायला नको. पिनियन, क्लच आणि मागची पन्हळीदार नळी हे सगळं मिळून एकच नग येतो. तोच आपला बेंडिक्स.

खरं तर हे नाव दुसऱ्याच यंत्राचं. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन माणसानं जे काढलं त्यात पिनियनला पुढे ढकलणारा फोर्क नव्हता, सोलेनॉइडही अंगावर नव्हता. मोटर झटक्यात फिरली की पिनियन आट्यांवरून स्वतःच पुढे फेकलं जायचं आणि इंजिन चालू झालं की मागे यायचं. हा बेंडिक्स १८८१ साली जन्मला इलिनॉयमधल्या मोलीन गावी. म्हणजे जॉन डिअर कंपनीच्या गावी. त्या कंपनीचे ट्रॅक्टर आज आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला बनतात. नाव टिकलं, यंत्र बदललं.

हा फरक कामाचा आहे. तुमच्या सेल्फच्या पाठीवर दुसरं छोटं नळकांडं बसलेलं असेल तर तो फोर्कचा सेल्फ. मी पुढे लिहितोय ते त्याचंच. सोलेनॉइड लांब चॅसिसवर आणि सेल्फच्या नाकात मोठी स्प्रिंग दिसत असेल तर तुमचा जुन्या पद्धतीचा. त्याच्या आट्यांना तेल-ग्रीस काही लावायचं नाही. रॉकेलनं धुऊन कोरडं ठेवायचं. तेल लावलं की धूळ धरते आणि पिनियन आट्यांवरच अडकून बसतं. असा कित्येकदा बदलावा लागतच नाही, धुतला की चालतो.

उतरवणं

आमचा मॅसी १०३५ आहे. आबांनी १९८७ साली बँकेचं कर्ज काढून घेतला. तो बनवणारी टॅफे कंपनी मद्रासची, १९६० सालची. आतलं तीन सिलिंडरचं इंजिन सिम्प्सनचं, आणि त्याचा मूळ आराखडा इंग्लंडच्या पर्किन्सचा. हे खानदान सांगायचं कारण पाने. जुन्या मॅसीला बरेच बोल्ट इंची मापाचे असतात. अर्धा इंचाच्या डोक्यावर १३ नंबरचा पाना चालून जातो. पण माझ्या सेल्फचे बोल्ट आहेत ९/१६ चे, म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा पाना जात नाही, १५ चा ढिला बसतो आणि डोकं गोल करतो. मी पहिल्यांदा १५ नं केलं. मग पाइप रेंच, मग शिव्या. ९/१६ चा एक रिंग पाना विकत घ्या, त्याच्यावर कंजूषपणा करू नका.

ट्रॅक्टर सपाटीवर घ्या. न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, चावी खिशात. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होते, बोटासकट.

बॅटरीची अर्थची वायर आधी काढायची आणि शेवटी जोडायची. आपल्याकडे बहुतेक अर्थ मायनसची असते, पण फार जुन्या विलायती ट्रॅक्टरांना प्लस अर्थ असायची. म्हणून रंगावर जाऊ नका, जी वायर बॉडीला गेली आहे ती आधी. असं का? दुसरी वायर आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. अर्थ सुटलेली असली तर टेकला तरी काही होत नाही.

सेल्फवरच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. जाड वायर बॅटरीकडून आलेली, बारीक चावीकडून. कधी त्याच जाड बोल्टवर अल्टरनेटरची वायरही असते. माझ्याकडे खडू नेहमीच असतो, मी वायरींना खडूनं खुणा केल्या, आणि तेलकट हात लागून अर्ध्या तासात पुसल्या. फोटोच काढा.

बोल्ट सोडताना खालचे आधी, वरचा शेवटी. वरचा सुटताना सेल्फला खालून हात द्या. माझा किराणा दुकानाच्या काट्यावर ११ किलो भरला. पायावर पडला तर शेतातलं काम पंधरा दिवस बंद. सेल्फ आणि हाऊसिंगच्या मध्ये पातळ पत्रा असेल तर तो जपून ठेवा, तो चुकून आलेला नसतो. पिनियन आणि रिंग यांच्यातलं अंतर त्यानं ठरतं.

सेल्फ निघाला की त्या भोकात टॉर्च मारून आतली रिंग बघा. पण रिंगचं नंतर बोलू.

खोलणं

घरच्यांची परवानगी घेऊन एक जुनी परात घ्या. सगळे सुटे भाग तिच्यात. सेल्फ बाहेरून डिझेल लावलेल्या ब्रशनं साफ करा. बुडवू नका, आत कॉइल आहेत. मग पुढचं कव्हर आणि मधली बॉडी यांच्या सांध्यावर छन्नीनं एक बारीक रेघ मारा. जोडताना रेघेला रेघ मिळाली की झालं.

सोलेनॉइडच्या खालच्या बोल्टवरून तांब्याची पट्टी मोटरमध्ये जाते, ती सोडा. सोलेनॉइडचे स्क्रू काढा, त्याच्या दांड्याचं टोक फोर्कमधून उचलून सोडवा. फोर्कची पिन काढण्याआधी नीट बघा. काही सेल्फना ही पिन एका बाजूला जाड असते, डोक्यावर बाणाची खूण असते आणि ती फिरवून पिनियनची फट कमीजास्त करता येते. बाण कुठं होता ते टिपून घ्या. मी टिपलं नव्हतं.

मग मागून लांब बोल्ट सोडा, पुढचं कव्हर ओढा. आर्मेचर, त्यावर बसलेला बेंडिक्स आणि फोर्क बाहेर येतात. फोर्क कसा, कोणत्या बाजूनं बसला होता त्याचाही फोटो.

आता नवख्याचा गोंधळ होतो ती जागा. शाफ्टच्या टोकाला एक कॉलर दिसते. ती ओढून निघत नाही, कारण तिच्या पोटात तारेचं गोल लॉक लपलेलं असतं. शाफ्टवर जाईल असा पाइपचा तुकडा किंवा बॉक्स पान्याची गोटी कॉलरवर ठेवा आणि हातोडीनं मागे, बेंडिक्सच्या दिशेनं ठोका. कॉलर मागे सरकते, लॉक उघडं पडतं. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं ते उचकटून काढा. उडतं, म्हणून दुसऱ्या हातात चिंधी धरा. आमचं उडून कडब्याच्या गंजीत गेलं ते अजून तिथंच असेल. नवीन लॉक दोन रुपयांचं असेल, पण बार्शीला जाऊन यायला अर्धा दिवस गेला.

लॉकच्या खाचेच्या कडा वर आलेल्या असतात. बेंडिक्स ओढण्याआधी त्या बारीक कानशीनं घासून घ्या. नाहीतर बेंडिक्सच्या आतला बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी नळी, ओरबाडला जातो. जुन्याचं काय बिघडणार म्हणाल, पण त्याच शाफ्टवरून नवीनही जाणार आहे.

दुकानात काय बघायचं

जुना नग सोबत न्या. "मॅसीचा बेंडिक्स द्या" एवढ्यावर दुकानदार जे देईल ते बसेलच असं नाही. आपल्या जुन्या ट्रॅक्टरांचे सेल्फ गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती वेळा बदलले, कुठल्या गाडीचा कुठं बसवला, याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. पिनियनचे दात मोजा, आणि एका दाताला खडूची खूण करूनच मोजा. गोल वस्तू मोजताना मोठमोठे लोक एकानं चुकतात, हे मी वर्गात शेकडो वेळा बघितलंय. पिनियनचा बाहेरचा व्यास, पूर्ण लांबी, आतल्या पन्हळींची संख्या, आतल्या बुशचं माप. आणि फिरायची दिशा. नळी एका हातात धरून पिनियन फिरवा: जुना ज्या दिशेला मोकळा फिरतो त्याच दिशेला नवा मोकळा फिरला पाहिजे, आणि उलट दिशेला जागच्या जागी धरला पाहिजे. उलट दिशेचा नग हुबेहूब तसाच दिसतो. बसतोही. फक्त इंजिन फिरवत नाही.

जुना फार सटकलेला असेल तर दोन्हीकडे मोकळा फिरेल, किंवा धरेल पण जोर दिला की सुटेल. तेव्हा दुकानदाराला विचारू नका, त्याच मापाचा चालू सेल्फ कुणाकडे आहे ते बघा.

नवा नग पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका. हे फार लोक करतात, साफसुथरा बसवायचा म्हणून. रोलर क्लचमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून तो बंद केलेला असतो. डिझेलनं ते ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि नवा बेंडिक्स सहा महिन्यांत सटकायला लागतो. पुसायचा, बस. मला गेल्या वर्षी साडेसहाशे रुपये पडले. दोनशेचाही होता. तो हातात घेतल्यावरच हलका लागला.

मारलं कुणी?

पहिल्या वेळी मी इथवर आलो, नवा बेंडिक्स सरकवला, जोडलं, बसवलं, चावी मारली, चालू. पोरानं टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी पुन्हा बिघडला, आता खर्रर्र.

या वेळी सेल्फ पोत्यात घालून बार्शीला आमच्या वायरिंगवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी खोललाही नाही. पिनियन दोन बोटांत धरून वरखाली हलवलं. ते हललं. "गुरुजी," म्हणाले, "ह्याला बुशनं मारलंय. तुम्ही नुसतं मयत बदललं."

पुढच्या कव्हरच्या नाकात पितळी रंगाचा एक बुश असतो, त्यात शाफ्टचं टोक फिरतं. पंचवीस-तीस रुपयांची वस्तू. तो झिजला की शाफ्ट तिरका होतो, पिनियन रिंगमध्ये पूर्ण न शिरता दातांच्या टोकांवर भार घेतं. फार झिजला तर आर्मेचर आत पोलना घासतं; आर्मेचरच्या अंगावर चकचकीत पट्टे दिसले तर समजा. मला ते पट्टे पहिल्या वेळीच दिसले होते. पॉलिश आहे असं वाटलं.

बुश बदलायचा तर जुना पंचनं ठोकून काढतात. नवा बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. हा बुश भुकटी दाबून केलेला असतो, स्पंजासारखा तेल पितो आणि पुढे वर्षानुवर्षं तेच तेल शाफ्टला देतो. घाई असेल तर ऑइल शंभर अंशांपर्यंत तापवून दोन तास. चहाच्या पातेल्यात करू नका. मागच्या कव्हरमध्येही असाच बुश असतो, तोही बघा.

खोललंच आहे तर कार्बनही बघून घ्या. स्प्रिंग त्यांना अजून दाबून धरते का, ते आपल्या खोबणीत मोकळे सरकतात का. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात त्या काळ्या पडल्या असतील तर झिरो नंबरच्या काचपेपरनं हलकं फिरवा. लोखंड घासायचा काळा एमरी पेपर वापरू नका, त्याची भुकटी पट्ट्यांच्या फटींत बसून शॉर्ट करते.

दुसरा मारेकरी तेल. फ्लायव्हीलच्या बाजूचं ऑइल सील गळत असेल तर तेल आणि क्लचची धूळ मिळून काळं उटणं होतं, आणि ते शाफ्टच्या पन्हळींत बसतं. पिनियन अर्ध्या वाटेत अडकतं. सेल्फचं नाक ओलं तेलकट निघालं तर बेंडिक्स बदलून तात्पुरतं भागेल, सील कधीतरी करावंच लागेल.

तिसरा आमच्या घरातच होता. पुतण्या इंजिन चालू झाल्यावरही दोन-तीन सेकंद चावी धरून ठेवायचा, "पक्कं चालू होऊ दे" म्हणून. त्या दोन-तीन सेकंदांत तो फ्रीव्हील क्लच मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगानं फिरत असतो. आणि इंजिन पकडलं नाही की लगेच दुसरी चावी, फ्लायव्हील अजून थांबायचंच असताना. फिरत्या रिंगवर पिनियन आपटणं म्हणजे चालत्या पंख्यात पेन घालणं.

आणि रिंग. सेल्फच्या भोकातून टॉर्चचा उजेड टाका आणि दुसऱ्या माणसाला पुढून फॅनच्या पुलीनं इंजिन हळूहळू फिरवायला सांगा. पट्टा सटकत असेल तर क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून. ज्या दातापासून सुरुवात केली त्याला खडू लावा. इंजिन बंद होताना कुठंही थांबत नाही. कॉम्प्रेशनच्या जोरानं ठरावीक जागीच थांबतं. तीन सिलिंडरला अशा तीन जागा, चार सिलिंडरला दोन, समोरासमोर. पिनियन दरवेळी तिथंच आपटतं, म्हणून दात तिथंच झिजतात आणि बाकी रिंग नवी दिसते. ट्रॅक्टर "कधी चालू होतो, कधी नाही" याचं हे नेहमीचं कारण. माझ्या रिंगला तीन जागी दातांच्या कडा बसल्या होत्या, पण दात शाबूत होते. चाचा म्हणाले चालेल, आणि चालतंय. दात निम्म्यावर आले असतील तर मात्र ट्रॅक्टर मधून तोडून फ्लायव्हील काढावं लागतं. रिंग गरम करून फ्लायव्हीलवर चढवलेली असते. काही मिस्त्री जुनीच रिंग काढून थोडी फिरवून पुन्हा चढवतात, म्हणजे झिजलेली जागा आपटायच्या ठिकाणाहून सरकते. ते काम अंगणात करायचं नाही.

जोडणी

शाफ्टच्या पन्हळी पेट्रोलच्या चिंधीनं पुसून ग्रीसचा नुसता हात फिरवा. बोटाला लागेल इतकाच. थापलेलं ग्रीस धुळीला बोलावतं. बेंडिक्स सरकवा, फोर्क त्याच्या कड्यात बसवा, कॉलर घाला. कॉलरच्या एका तोंडाला खोलगट भाग असतो, तो शाफ्टच्या टोकाकडे. मग लॉक खाचेत बसवा, पकडीनं सगळीकडून दाबून गोल करा आणि कॉलर त्याच्यावर ओढून घ्या, म्हणजे लॉक पुन्हा तिच्या पोटात जाईल. कॉलरखाली दोन पाने समोरासमोर लावून उचकलं तर चढते. उलटी बसवली तर लॉक पहिल्याच झटक्यात निघतं आणि आत भटकतं.

रेघेला रेघ लावून कव्हर बसवा, लांब बोल्ट आवळा. आर्मेचर हातानं मोकळं फिरतं का बघा. मगच सोलेनॉइड.

ट्रॅक्टरवर चढवण्याआधी जमिनीवर तपासा. सेल्फ व्हाइसमध्ये पकडा. व्हाइस नसेल तर बारदानावर ठेवून पायानं घट्ट दाबा, कारण तो उसळी मारतो. मोटरला जाणारी तांब्याची पट्टी अजून जोडू नका. बॅटरीची मायनस बॉडीला आणि सोलेनॉइडच्या ज्या खालच्या बोल्टवरून पट्टी सोडली त्यालाही लावा, आणि प्लस चावीच्या बारीक टर्मिनलला क्षणभर लावा. पिनियन खट्‌ करून पुढे आलं पाहिजे. आलेल्या अवस्थेत ते बोटानं हलकं मागे दाबून कॉलरपाशी फट बघा: अगदी थोडी हवी. फटच नसेल तर पिनियन कॉलरवर ठोकत राहील, फार असेल तर रिंगमध्ये पूर्ण जाणार नाही. बाणाची पिन असेल तर ती याचसाठी. नंतर पट्टी जोडून पूर्ण करंट द्या, दोन-तीन सेकंद. पिनियन पुढे येऊन फिरायला लागलं आणि वायर काढताच मागे गेलं की सेल्फ तयार.

हाऊसिंगचं तोंड आणि सेल्फचं तोंड पॉलिश पेपरनं घासून लखलखीत करा. सेल्फची अर्थ तिथूनच मिळते. रंग मारून ट्रॅक्टर नवा करणाऱ्यांचे सेल्फ याच कारणानं रडतात. पातळ पत्रा होता तिथं परत, बोल्ट सारखे आवळून, वायरी फोटोप्रमाणे, अर्थ शेवटी.

पहिली चावी सीटवर बसून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून. हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे सेल्फच्या टर्मिनलवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून खालूनच ट्रॅक्टर चालू करायची पद्धत आहे. तेव्हा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभा असतो, आणि गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच्याकडे बघून थांबत नाही. सीटवरून चावीनं चालू होत नसेल तर चावीची वायर दुरुस्त करा.

चावी एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. नाही पकडलं तर निदान अर्धा मिनिट थांबायचं. सेल्फही थंड होतो, फ्लायव्हीलही थांबतं. इंजिनानं पकडलं की त्याच क्षणी चावी सोडायची. हे पुतण्याला सांगून उपयोग झाला नसता, म्हणून सटकलेला जुना बेंडिक्स त्याच्या हातात दिला आणि फिरवायला लावला. दोन्हीकडे गरगर फिरला. किती रुपयांचा म्हणून त्यानं विचारलं. मी दोन्ही वेळचे मिळून सांगितले, त्यात अण्णांच्या साखळीचा हिशेब धरला नाही.

काळा दगड मात्र अजून देवळामागेच आहे. दुसऱ्या आळीतल्या एकाचा ट्रॅक्टर हल्ली तिथं लागतो.